व्यक्तिमत्त्व-विकार आणि दिव्यांगत्व-लाभ : विधिसाहाय्य

व्यक्तिमत्त्व-विकाराने दीर्घकाळ ग्रस्त असलेल्या व्यक्तीस दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, मासिक अनुदान, नोकरीतील संरक्षण इ. लाभ मिळविण्यासाठी जे कायदेविषयक मार्गदर्शन व प्रतिनिधित्व लागते, त्यास येथे विधिसाहाय्य म्हटले आहे. विवेचन मुख्यत्वे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यास अनुलक्षून केले आहे. सु. १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा व चौदा तालुक्यांचा हा जिल्हा राज्यात विस्ताराने सर्वांत मोठा असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. या विषयाशी संबंधित अधिकारस्थाने मात्र त्याच्या बाहेर निरनिराळ्या शहरांत विखुरलेली आहेत. महसुली विभाग नासिकचा. उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादचे (छत्रपती संभाजीनगर). प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्याचे. दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यात. आणि सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईस. अकोले किंवा जामखेड तालुक्यातील अर्जदारास यांपैकी कोठे व केव्हा जावयाचे हे सांगणारा कोणीतरी असणे, हीच विधिसाहाय्याची पहिली गरज असते.

विकाराचे स्वरूप : व्यक्तीची विचार करण्याची, भावना अनुभवण्याची, इतरांशी वागण्याची व आवेगांना आवर घालण्याची पद्धत किशोरवयापासून ताठर व समाजाच्या अपेक्षेहून फार वेगळी राहून तिच्यामुळे स्वतःला वा इतरांना सतत त्रास होत असेल, तर त्या अवस्थेस व्यक्तिमत्त्व-विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत संशयी, अलिप्त, समाजविघातक, भावनिक दृष्ट्या अस्थिर, परावलंबी इ. प्रकार स्वतंत्रपणे दिलेले होते. १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीने प्रकारांची ही यादी जवळजवळ मोडीत काढून विकाराची सौम्य, मध्यम व तीव्र अशी प्रत ठरविण्यावर भर दिला. कायद्याच्या दृष्टीने हा बदल उपकारक होय. कारण दिव्यांगत्वाच्या प्रश्नात विकाराच्या नावापेक्षा त्याच्या तीव्रतेला महत्त्व असते.

छिन्नमानसासारख्या चित्तविकृतीत रोगी ‘पूर्वी बरा होता व नंतर बिघडला’, असे घरच्यांना सांगता येते. व्यक्तिमत्त्व-विकारात अशी रेषा आखता येत नाही. ‘स्वभावाला औषध नसते’ ही मराठी म्हण रुग्णाच्या घरात, कामाच्या ठिकाणी आणि कधीकधी दवाखान्यातही शेवटचा शब्द ठरते. वस्तुतः भावनिक अस्थिरतेच्या प्रकारात स्वतःस इजा करून घेण्याची व आत्महत्येची जोखीम मोठी असते, विशिष्ट मानसोपचारांनी त्यात सुधारणा होते, आणि सोबत अवसाद (नैराश्य) वा व्यसनाधीनताही वारंवार आढळते. नोकरी टिकत नाही, नाती तुटतात, उपचार मध्येच सोडले जातात. म्हणजे ज्या वर्तनामुळे अर्जदारास साहाय्याची गरज असते, त्याच वर्तनामुळे त्याची कागदपत्रे अपुरी राहतात. या विषयातील बहुतेक कायदेशीर अडचणींचे मूळ येथे आहे.

कायद्यातील स्थान : भारतीय दिव्यांगत्वविषयक कायद्यांत ‘व्यक्तिमत्त्व-विकार’ हा शब्द येत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या अधिनियमाने मतिमंदत्वाखेरीज कोणताही मनोविकार म्हणजे ‘मानसिक आजार’ अशी फार मोकळी व्याख्या केली होती. त्याच्या जागी १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले. त्याच्या अनुसूचीनुसार विचार, भावावस्था, संवेदन, दिशाकालभान किंवा स्मृती यांतील असा भरीव बिघाड, की ज्याने निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता वा जीवनातील सामान्य गरजा भागविण्याचे सामर्थ्य यांस गंभीर बाधा येते, तो मानसिक आजार होय. ‘वर्तन’ आणि ‘जीवनातील सामान्य गरजा’ हे शब्द व्यक्तिमत्त्व-विकारास जागा देतात. तथापि आरंभीचा बिघाड विचारांचा वा भावावस्थेचा असला पाहिजे, ही अट राहते. भावनिक अस्थिरता, टोकाचा संशय यांच्या बाबतीत ती पुरी करणे कठीण नाही. केवळ समाजविघातक वर्तनाच्या बाबतीत ते पुष्कळच कठीण जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८) यानेही हीच व्याख्या थोडी वाढवून घेतली आहे; शिवाय मानसिक आजाराचे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणासारख्या मान्य वैद्यकीय प्रमाणांनुसार व्हावे, असे त्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे. त्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व-विकार समाविष्ट आहेत, हा अर्जदाराच्या बाजूचा भक्कम मुद्दा ठरतो.

या मौनाशी ताडून पाहावी अशी एक जुनी तरतूद आहे. हिंदू विवाह अधिनियमात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने घटस्फोटाच्या कारणांतील ‘मनोविकार’ या शब्दाचे स्पष्टीकरण दिले व त्यात असाधारण आक्रमक किंवा अत्यंत बेजबाबदार वर्तन घडविणाऱ्या चिरस्थायी विकाराचा नाव घेऊन समावेश केला. हे वर्णन व्यक्तिमत्त्व-विकाराच्या एका प्रकाराचेच आहे. नाते तोडण्यासाठी कायद्याने ज्याला ओळखले, त्याला साहाय्य देताना त्याचे नाव घेतलेले नाही, ही विसंगती नजरेत भरते. तिला व्यावहारिक बाजूही आहे. प्रमाणपत्र काढल्यास ते पुढे वैवाहिक वादात आपल्याविरुद्ध वापरले जाईल, या भीतीने अनेक विवाहित स्त्रिया अर्जच करीत नाहीत. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता (१९८८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ मनोविकाराचे नाव सिद्ध होणे घटस्फोटास पुरेसे नाही, सहजीवन अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे, असे ठरविले आहे. ही माहिती अर्जापूर्वी मिळणे आवश्यक असते.

मूल्यमापन : अधिनियमातील बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के, म्हणजे ‘लक्षणीय’, दिव्यांगत्व लागते. मानसिक आजाराची टक्केवारी भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या पुनर्वसन समितीने तयार केलेल्या व २००२ साली केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या मोजपट्टीने काढण्यास सुरुवात झाली आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनीही तीच स्वीकारली. (या सूचनांत मार्च २०२४ मध्ये सुधारणा झाल्या असून अर्जाच्या दिवशी लागू असलेला पाठ पाहणे इष्ट.) तीत स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. बेरजेत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवितात : दोन वर्षांपेक्षा कमी असल्यास १, दोन ते पाच वर्षांस २, सहा ते दहा वर्षांस ३ आणि दहा वर्षांहून अधिक असल्यास ४. एकूण वीस गुणांपैकी १ ते ६ गुण म्हणजे ४० टक्क्यांहून कमी, ७ ते १३ म्हणजे ४० ते ७० टक्के, १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९ टक्के आणि २० म्हणजे १०० टक्के.

या गणिताचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा तरुण स्वतः आंघोळ-जेवण नीट करतो (०), बोललेले समजतो व बोलतो (०), पण घरात व शेजारी सतत भांडणे होऊन त्याचा कोणाशीही संबंध टिकत नाही (२), आणि कारखान्यात वा शेतावर तो काही आठवड्यांपलीकडे राहत नाही (२). बेरीज ४ होते. आजार वर्षभरापूर्वी सुरू झाला असे नोंदले गेल्यास एकूण ५ गुण होऊन तो अपात्र ठरतो. तोच आजार दहा वर्षांहून जुना असल्याचे सिद्ध झाल्यास ८ गुण होऊन तो पात्र ठरतो. व्यक्तिमत्त्व-विकार हा व्याख्येनेच किशोरवयात सुरू होणारा. त्यामुळे तिशीतील अर्जदाराचा खरा कालावधी बहुधा दहा वर्षांहून अधिक असतो. कागदावर मात्र तो पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याच्या दिवसापासून मोजला जाण्याचा धोका असतो. आधीची वर्षे देवऋषी, नातेवाईकांची समजावणी आणि गावातील सामान्य डॉक्टर यांच्याकडे गेलेली असतात व त्यांची चिठ्ठीही उरलेली नसते.

मोजपट्टीतील दुसरी अडचण तिच्या उगमात आहे. ती तयार होताना छिन्नमानस, उद्दीपन-अवसाद (द्विध्रुवी) विकार, मंत्रचळ व स्मृतिभ्रंश हे चार विकार डोळ्यांसमोर होते. त्यामुळे केवळ ‘व्यक्तिमत्त्व-विकार’ एवढेच निदान लिहिलेला कागद पाहून अर्ज परत करण्याची प्रवृत्ती संभवते. २०१६ च्या अधिनियमाच्या व्याख्येत अशी चार रोगांची मर्यादा नाही, आणि अधिनियमाने जे वगळले नाही ते मोजपट्टीच्या पूर्वेतिहासावरून वगळता येणार नाही, असा युक्तिवाद यावर करता येतो. मात्र सोबत अवसाद वा अन्य विकाराचे निदान खरोखर झालेले असेल, तर तेही प्रमाणपत्राच्या अर्जात नमूद असावे. ते दडवून एकाच निदानावर तत्त्वाची लढाई लढण्याने अर्जदाराचा लाभ होत नाही.

पुराव्याची जुळणी : अशा प्रकरणात वकिलाचे वा विधी स्वयंसेवकाचे खरे काम नकारानंतर नव्हे, तर अर्जापूर्वी सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला व त्यातील खाडे, कामावरून कमी केल्याची पत्रे, स्वतःस इजा करून घेतल्यानंतर ग्रामीण रुग्णालयात केलेल्या उपचारांचे केसपेपर, विष घेतल्याच्या प्रकरणातील पोलिसांची नोंद, घर सोडून गेल्याची तक्रार, हे सारे आजाराचा आरंभ व कालावधी दाखविणारे पुरावे होत. आईवडील, शिक्षक किंवा मुकादम यांनी पाहिलेल्या प्रसंगांचे साधे निवेदनही उपयोगी पडते. मात्र त्यात ‘तापट आहे’, ‘ऐकत नाही’ अशी विशेषणे न लिहिता कोणत्या वर्षी काय घडले व किती दिवस काम बंद राहिले, हे लिहावे. विशेषणे स्वभाव सांगतात. मोजपट्टीस अकार्यक्षमता हवी असते.

वैद्यकीय कागद मिळविण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २५ ने दिला आहे. रुग्णास स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागता येतात. त्यांतील विशिष्ट माहितीने रुग्णास गंभीर मानसिक अपाय किंवा इतरांस हानी होण्याचा संभव असेल तरच ती राखून ठेवता येते, आणि तसे केल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते हे रुग्णास सांगावे लागते. मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्यावयाच्या अहवालात निदान, आरंभाचा अंदाज, घेतलेले उपचार आणि चारही बाबींतील अकार्यक्षमतेची उदाहरणे असल्यास मंडळापुढील पंधरावीस मिनिटांची भेट ही एकमेव कसोटी उरत नाही. या विकाराचे अनेक रुग्ण अनोळखी माणसांपुढे थोडा वेळ उत्तम बोलतात. तेवढ्यावरून ते सर्वत्र तसेच वागतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय.

मोफत विधिसाहाय्य : अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या रोगसूचीत व्यक्तिमत्त्व-विकारास नावानिशी स्थान आहे आणि तेथील वकील थकीत रकमेचा काही भाग, सामान्यतः कमाल २५ टक्क्यांपर्यंत, शुल्क म्हणून घेऊ शकतात. भारतात निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरविण्यास अथवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. मासिक अनुदानाची रक्कमही लहान असते. त्यामुळे खाजगी वकिलास असे प्रकरण परवडत नाही व अर्जदारास वकील परवडत नाही. येथे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खेरीज दुसरा व्यवहार्य मार्ग जवळजवळ नाही.

त्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसेवा मिळते. यात एक चक्र दडलेले आहे : दिव्यांग म्हणून वकील मिळण्यास प्रमाणपत्र मागितले जाते, आणि वकील हवा असतो तो प्रमाणपत्रासाठी. यातून बाहेर पडण्याचे मार्ग त्याच कलमात आहेत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील वा मनोरुग्णालयातील व्यक्ती या त्या नात्यानेच पात्र असतात. इतरांना राज्याने ठरविलेल्या उत्पन्नमर्यादेत (महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रु.) अर्ज करता येतो व उत्पन्नाबाबत स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम २७ त्या अधिनियमातील हक्क बजावण्यासाठी मनोरुग्णास मोफत विधिसेवा देते व दंडाधिकारी, पोलीस अधिकारी, उपचार करणारे अधिकारी यांच्यावर ही माहिती रुग्णास देण्याचे बंधन घालते. उपचारांच्या नोंदी मिळविणे हा असा हक्क असल्याने प्रमाणपत्र नसतानाही येथून आरंभ होऊ शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अधिनियमातील ‘विधिसेवा’ या संज्ञेत न्यायालयापुढील कामाबरोबरच अन्य प्राधिकरणापुढील काम व कोणत्याही कायदेविषयक बाबीवरील सल्ला यांचा समावेश होतो. प्रमाणपत्राचा किंवा तहसीलमधील अर्ज म्हणजे ‘खटला नाही’, असे म्हणून साहाय्य नाकारणे या व्याख्येत बसत नाही.

जिल्ह्यात हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात व कार्यालय नगर येथील जिल्हा न्यायालयात आहे. तालुक्याच्या ठिकाणी न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. संगमनेर वा कोपरगाव येथील अर्जदारास पहिल्या भेटीसाठी नगरला येण्याचे कारण नाही, ही साधी गोष्टही पुष्कळांस ठाऊक नसते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारणा करता येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने मनोरुग्णांसाठी २०१५ साली केलेल्या योजनेची जागा २०२४ च्या नव्या योजनेने घेतली असून तीत ‘मनोन्याय’ नावाच्या स्वतंत्र पथकांची कल्पना आहे. नगर तालुक्यातील शिंगवे येथे निराधार मनोरुग्ण स्त्रियांचा सांभाळ करणारे माउली सेवा प्रतिष्ठान आहे. अशा संस्थांतील निवासींकडे नातेवाईक, रहिवासाचा पुरावा व ओळखपत्र यांपैकी काहीच नसते. त्यांच्या बाबतीत विधिसाहाय्याचा आरंभ ओळख सिद्ध करण्यापासूनच होतो.

प्रमाणपत्र व लाभ : अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करतात व तपासणी जिल्हा रुग्णालयासारख्या अधिकृत ठिकाणी होते. ऑक्टोबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. अवस्था बदलण्याजोगी वाटल्यास मुदतीचे प्रमाणपत्र देतात. व्यक्तिमत्त्व-विकारात हे नेहमीचेच होय, म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकू न देणे हे विधी स्वयंसेवकाने अंगावर घ्यावयाचे काम आहे.

लाभांपैकी ग्रामीण कुटुंबास सर्वांत उपयोगी पडते ती १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. अठरा ते पासष्ट वर्षे वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व राज्याच्या रहिवासी व्यक्तीस तिचा लाभ मिळतो. दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ५०,००० रु. असून दिव्यांग लाभार्थींचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रु. करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयात करतात. योजनेच्या वर्णनात अस्थिव्यंग, अंध, मूकबधिर, मतिमंद असे जुने प्रवर्ग उल्लेखिले जात. त्यावरून ‘मनोरुग्ण यात येत नाही’ असे तोंडी सांगितले गेल्यास लेखी उत्तर मागावे व २०१६ च्या अधिनियमाची अनुसूची दाखवावी. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालील व ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे; व्यक्तिमत्त्व-विकारात इतकी टक्केवारी क्वचितच भरते. ग्रामपंचायती व अन्य स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणावर खर्च करावयाची असते, तिच्यातूनही मागणी करता येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ च्या योजना व ‘निरामय’ आरोग्य विमा मात्र मानसिक आजारास लागू नाहीत. अनुदानासाठी प्रौढ रुग्णाचा पालक न्यायालयाकडून नेमून आणलाच पाहिजे, हा समजही निराधार आहे. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ दिव्यांगांची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मानते.

नकारानंतरचे उपाय : दिव्यांगत्व आढळले नाही, तर तसे कारणांसह लेखी कळविणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तोंडी नकारावर अपील होत नाही. म्हणून पहिली मागणी लेखी निर्णयाची, दुसरी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली चार बाबींच्या गुणपत्रकाच्या प्रतीची. गुणपत्रक हाती आले की वाद निश्चित होतो : कालावधीचे गुण चुकले, की काम व परस्परसंबंध यांचे गुण पुराव्याशी विसंगत आहेत, हे दाखविता येते. अपील कलम ५९ नुसार राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे विहित मुदतीत करावयाचे असते. दिव्यांगत्व मान्य होऊनही लाभ नाकारला गेल्यास पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत व त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवावयाचे असते. शिफारस बंधनकारक आदेशाइतकी प्रभावी नसते हे खरे. परंतु पुढे उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागल्यास ती वजनदार ठरते. अहिल्यानगरचे असे अर्ज मुंबईस नव्हे, तर औरंगाबाद खंडपीठापुढे दाखल होतात व तेथेही विधी सेवा समितीकडून वकील मिळतो.

नोकरी व सैनिकी सेवा : सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्यास सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास त्यास कामावरून दूर करता येत नाही वा पदावनत करता येत नाही (कलम २०). व्यक्तिमत्त्व-विकारात आजाराचे पहिले दृश्य रूप बहुधा शिस्तभंग हेच असते. त्यामुळे रवींदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार (१७ डिसेंबर २०२१) हा निर्णय येथे महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील त्या अधिकाऱ्यास मंत्रचळ व अवसाद होता. मनोविकारग्रस्त कर्मचाऱ्यास कामाचे नियम पाळणे इतरांहून कठीण जाते, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार असून दिव्यांगत्व हे वर्तनामागील एक कारण असल्याचे दाखविणे पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. विकाश कुमार (११ फेब्रुवारी २०२१) या निर्णयानुसार वाजवी सोय मागण्यासाठी ४० टक्क्यांची अट सर्वत्र लागू नसते. म्हणजे अनुदान नाकारले गेलेल्या व्यक्तीचे नोकरीतील हक्क त्याबरोबर संपत नाहीत.

नगर येथे लष्कराचे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व यांत्रिक पायदळाचे केंद्र असल्याने सैनिकांच्या दिव्यांगत्व-निवृत्तिवेतनाचा प्रश्न या जिल्ह्यास परका नाही. त्याचे नियम नागरी योजनांहून सर्वस्वी वेगळे आहेत. आजार सेवेमुळे उद्‌भवला वा बळावला हे मान्य व्हावे लागते व किमान २० टक्के दिव्यांगत्व लागते. व्यक्तिमत्त्व-विकार हा मूळच्या घडणीतला मानून सेवेशी संबंध नाकारण्याकडे वैद्यकीय मंडळांचा कल असतो. धरमवीर सिंग (२०१३) या निर्णयात भरतीच्या वेळी नोंद न झालेला आजार नंतरचा समजावा, असे तत्त्व मांडले गेले. नरसिंग यादव (२०१९) या निर्णयात मात्र मनोविकार भरतीच्या तपासणीत सहसा उघड होत नाहीत, या कारणास्तव छिन्नमानसग्रस्त सैनिकाचा दावा फेटाळला गेला. २०२५ साली राजूमोन टी. एम. प्रकरणात वैद्यकीय मंडळाने कारणे न देता काढलेला निष्कर्ष टिकू शकत नाही, असे ठरून निवृत्तिवेतनाचा आदेश झाला. हे तीन निर्णय एकत्र वाचले असता सेवाकाळातील नोंदी, बदल्या, शिक्षा व रुग्णालयवास यांचा कालक्रम मांडणे हाच दाव्याचा कणा असल्याचे दिसते. दावा सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे चालतो; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागदपत्रांसाठी मदत करते.

पडताळणी व शंका : २०२४ साली एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्व-प्रमाणपत्रांवरून देशभर वाद झाला. त्यांतील काही प्रमाणपत्रे अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातून दिलेली होती व दाव्यात मानसिक आजाराचाही समावेश होता. त्यानंतर राज्यात प्रमाणपत्रांच्या फेरपडताळणीस जोर आला. खोटेपणाने लाभ घेणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रु. पर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात व ती तरतूद योग्यच आहे. परंतु अंगावर खूण नसलेल्या आजाराच्या अर्जदाराकडे पाहण्याची दृष्टी अशा प्रसंगानंतर अधिक संशयी होते, आणि संशयास संतापाने उत्तर देणे हे या विकाराचेच एक लक्षण असते. म्हणून फेरतपासणीची नोटीस आल्यास अर्जदाराने एकट्याने जाऊ नये. मूळ उपचारांचे कागद व विधी सेवा समितीने नेमून दिलेला वकील किंवा स्वयंसेवक बरोबर असावा, आणि तपासणीच्या वेळी मांडलेल्या हरकतीची पोच त्याच दिवशी घ्यावी.